नेटचे खाडे: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्षकाका, सचिवदादा, खजिनदारवहिनी आणि कमिटीतली बाकी मंडळी,
ऐरोली, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावलेली तुमची नोटीस मी तीनदा वाचली. एकदा हातात भाजीच्या पिशव्या असताना, एकदा फोटो काढून घरी, आणि एकदा सगळ्यांना ऐकवायला मोठ्याने. सोसायटीत यापुढे एकाच कंपनीचं फायबर इंटरनेट. करार पाच वर्षांचा. सोसायटीच्या ऑफिसला आणि सीसीटीव्हीला कनेक्शन मोफत. निधीला दरवर्षी ठरावीक रक्कम. जुन्या केबलवाल्याच्या वायरी उतरवण्यात येतील. हरकती असल्यास सात दिवसांत लेखी कळवाव्यात.

ही घ्या लेखी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली असती तर तासाभरात गुलाबाच्या फुलांखाली आणि पार्किंगच्या भांडणाखाली गाडली गेली असती. म्हणून छापून सगळ्यांच्या पत्रपेट्यांत टाकते आहे.

माझं नव्या कंपनीशी वैर नाही आणि जुन्या केबलवाल्याशी नातं नाही. फायबर यावं असंच माझं मत आहे, का ते पुढे सांगते. पण नोटिशीत '1 जीबीपीएस' (म्हणजे 1000 एमबीपीएस) हा वेगाचा आकडा ठळक अक्षरांत चार वेळा आलाय आणि बंद पडलं तर कोण येणार, किती वेळात येणार, बंद दिवसांचे पैसे कापणार की नाही, यातलं एकही वाक्य एकदाही आलेलं नाही. गाडी घेताना नुसता टॉप स्पीड विचारायचा आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारायचंच नाही, तसलं झालं हे.

आधी माझा अधिकार काय तो सांगते. मी इंजिनिअर नाही. सात-आठ दुकानदारांची आणि दोन छोट्या कारखान्यांची जीएसटीची कामं घरून करते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये डायनिंग टेबलावर थाटलेलं ऑफिस अजून तिथून उठलेलं नाही. शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव दुसरं आहे, पण नेटचं बिल पहिल्या दिवसापासून मीच भरते.

तर खाडे.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे सासूबाई मांडतात, कामवाल्या ताईंचे मी. मार्चपासून तिसरी नोंद सुरू केली. हिरव्या पेनाने 'ने', आणि त्यापुढे किती वाजता गेलं, किती वाजता आलं. मार्च, एप्रिल, मे मिळून अठरा 'ने' जमले. त्यातले तीन आमचेच निघाले, हे प्रामाणिकपणे कबूल करते. एकदा सासूबाईंनी इस्त्रीसाठी राउटरचा प्लग काढला आणि परत लावायचं राहून गेलं. एकदा रिचार्जची तारीख मीच विसरले. आणि एकदा चिरंजीवांनी खोली आवरताना राउटर उचलून शोकेसमध्ये स्टीलच्या डब्यांमागे ठेवला, मग बेडरूममध्ये रेंज येईना. केबलवाल्याला त्या तिन्ही वेळा मी उगाच झापलं होतं.

राहिले पंधरा. त्यातले नऊ लाईट गेल्यामुळे. चार 'फायबर कट'. दोनचं कारण अजून कळलेलं नाही, आपोआप गेलं, आपोआप आलं.

दूधवाला महिनाअखेरीला खाडे वजा करूनच पैसे मागतो. त्याला सांगावं लागत नाही. नेटवाल्याला तीन महिन्यांचे पंधरा खाडे दाखवले तर म्हणाला, "मॅडम, असं मायनस करत नसतात यात."

आता त्या नऊ खाड्यांची गंमत. लाईट गेली म्हणजे नेट जाणारच, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. पंखा चालू, राउटर चालू, त्याचे हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि नेट मात्र नाही. हे कोडं सोडवायला एप्रिलमध्ये एका दुपारी मी केबलच्या मुलाबरोबर गच्चीवर गेले. वॉचमनने किल्ली देताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पापड वाळत घालायच्या मोसमाआधीच आले.

लिफ्टच्या मशीनरूममागे एक पत्र्याची पेटी आहे. तुमच्यापैकी कुणी ती उघडून पाहिली आहे का? कुलूप नाही, तांब्याच्या तारेने पिळून बंद केलेली. आत घरोघरी नेट वाटणारा आठ पोर्टचा एक स्विच, रस्त्यावरून आलेलं फायबर ज्यात घुसतं तो मीडिया कन्व्हर्टर, दोन अॅडॉप्टर आणि एक वाळलेली पाल. जोडावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून रबरबँड लावलेला. म्हणजे फायबर गच्चीपर्यंतच. तिथून पुढे प्रत्येक घरात तांब्याची लॅन केबल उतरते. आणि त्या पेटीला वीज मिळते जिन्याच्या कॉमन लाईनीवरून. महावितरणची लाईट गेली की जिना अंधारात आणि पेटीही अंधारात. मग माझा इन्व्हर्टर राउटरला जिवंत ठेवतो ते नुसतं शोभेला.

"याला बॅटरी नाही का?"

"होती मॅडम. गेल्या गणपतीत गेली."

मग त्याने माझी वायर ओढून दाखवली. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. माझ्या केबलच्या टोकाला एक नाही, दोन प्लग होते. नारिंगी आणि हिरव्या जोड्या एका प्लगमध्ये, त्या माझ्या. निळ्या आणि तपकिरी दुसऱ्यात, त्या समोरच्या काकूंच्या. एक वायर वाचवायला दोन घरं एकाच केबलवर बसवलेली. चालत नाही असं नाही, चालतं. पण चार तारांवरून 100 एमबीपीएसच्या वर काही जात नाही. पुढच्या वेगाला आठही तारा लागतात. मी दीड वर्ष 200 चा प्लॅन भरत होते. स्पीड टेस्टमध्ये कायम 94 दिसायचं आणि मी दोष वायफायला देत होते.

त्याला म्हटलं, अरे, मग 200 चे पैसे कशाचे घेताय? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी विचारलंच नाही."

खोटं नव्हतं बोलत. माझ्या या पत्राचं निम्मं कारण त्याचं ते वाक्य आहे. आपण विचारत नाही. प्लॅन किती, महिन्याला किती आणि ओटीटी कुठलं फुकट, एवढ्यावर आपली चौकशी संपते. वायर घरात कुठून येते, मधल्या डब्याला वीज कोण देतं, राउटरचे पोर्ट 100 चे आहेत की 1000 चे, हे आपल्या तोंडी येतच नाही. शेवटचा प्रश्न तर फार स्वस्तात सुटतो, राउटर उलटा करून मॉडेल नंबर वाचायचा आणि शोधायचा. कंपनीने 'फ्री' दिलेल्या कित्येक राउटरचे पोर्ट 100 चेच असतात, मग 300 चा प्लॅन घ्या नाहीतर 500 चा.

चार 'फायबर कट'पैकी एक सांगते, बाकीच्यांत तेच तेच आहे. एप्रिलची 20 तारीख. जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. रात्री आठला नेट गेलं. केबलवाल्याला मेसेज टाकला, तर दोन मिनिटांत उत्तर: "फायबर कट आहे, काम चालू आहे, दोन तासांत होईल." दहा वाजता हेच उत्तर पुन्हा आलं, एक अक्षरही न बदलता. फोनची रेंज आमच्याकडे फक्त सुक्या बाल्कनीत येते. म्हणून वॉशिंग मशीनवर लॅपटॉप, कठड्यावर फोन, खाली डास, आणि पोर्टल तर शेवटच्या दिवशी असंही दमेकऱ्यासारखं चालतं. अकरा चाळीसपर्यंत सगळे रिटर्न गेले, एक राहिला. उशिराचा दंड दिवसाला 50 रुपये, 25 केंद्राचे आणि 25 राज्याचे. तो मी माझ्या खिशातून भरला. रक्कम किरकोळ होती. दुसऱ्या दिवशी त्या दुकानदाराने फोनवर लावलेला सूर किरकोळ नव्हता.

नेट आलं बावीस तारखेला दुपारी. त्या चाळीस तासांत माझं कनेक्शन 200 चं होतं की 1000 चं, याने काय फरक पडला असता?

आता वेगाचंच बोलू, कारण तुमच्या नोटिशीचा जीव त्यात आहे. जाहिरातीतला एमबीपीएस हा बिट्सचा हिशोब आहे. फाईल उतरते ती बाइट्समध्ये, म्हणून आठाने भागायचं. 100 चा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. एका घराला लागतं किती? एचडी मालिकेला 5 एमबीपीएसच्या आसपास, 4के चित्राला 15, चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार. आमच्या घरात सासूबाईंची मालिका, चिरंजीवांचं 4के, माझा कॉल आणि ह्यांचा कॉल सगळं एकाच वेळी चालू झालं तरी बेरीज तीसच्या आत. 100 एमबीपीएस आम्हाला पुरून उरतं. पण ते रात्री साडेनऊलाही 100 असलं पाहिजे, आणि वर जाणारा वेगही चांगला हवा. कॉलमध्ये आपला चेहरा थिजतो तो बहुतेक वेळा अपलोडमुळे, आणि त्याचा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. टीव्हीच्या जाड गोल केबलवरून येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नेटमध्ये तर डाऊनलोडच्या मानाने अपलोड फारच तोकडा असायचा, कारण ती वायर मुळात चित्रं एकाच दिशेने पाठवायला टाकलेली.

बाकी '1 जीबीपीएस' हे खोटं नाही, पण ते रिकाम्या रस्त्यावरचं आहे. या कंपनीची पद्धत जीपॉन, म्हणजे एकच फायबर फाटे फोडून अनेक घरांत नेणं. एका फायबरवर खाली येणारी क्षमता सुमारे 2.5 जीबीपीएस, आणि ती स्प्लिटर, म्हणजे फाटे फोडणारा जोड, लावून 32 किंवा 64 घरांत वाटतात. 32 घरं एकदम तुटून पडली तर वाट्याला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास येतात. सगळे एकदम तुटून पडत नाहीत म्हणून कारभार चालतो, बँकेत सगळे एका दिवशी पैसे काढायला जात नाहीत तसा. माझी तक्रार त्याबद्दल नाही. खरी आखडती असते त्याच्याही मागे: कंपनीने वरून किती क्षमता विकत घेतलीये आणि ती किती गिऱ्हाइकांत पातळ केलीये. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. ते कळायला रात्री साडेनऊला कुणाच्या तरी घरी जाऊन बसावं लागतं.

मी बसले. घणसोलीला माझी नणंद राहते, तिच्या सोसायटीत हीच कंपनी दीड वर्षापासून आहे, आणि तिथेही या एकाच कंपनीला परवानगी आहे. शनिवारी रात्री लॅपटॉप आणि माझी स्वतःची लॅन केबल घेऊन गेले. नणंद म्हणाली, वहिनी, जेवायला ये म्हटलं होतं, इन्स्पेक्शनला नाही. आधी पिठलं-भाकरी खाल्ली, मग केबल थेट कंपनीने घरात बसवलेल्या यंत्राला लावली. तिचा प्लॅन 300 चा. स्पीड टेस्ट उघडली की जवळचा सर्व्हर आपोआप निवडला जातो, आणि तो बहुधा कंपनीच्याच जाळ्यातला असतो. तिथे 306 दिसलं. म्हणजे दुकानदाराच्याच काट्यावर दुकानदाराचा माल. मग सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला घेतला. 190. तरीही चांगलंच. नंतर दहा मिनिटं नुसता पिंग चालू ठेवला, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. मुंबईतल्या मुंबईत पाच-सहा मिलिसेकंद, निरोपाचं एकही पॅकेट वाटेत गळलं नाही. वायफायवर बेडरूममध्ये मात्र 20 च्या घरात, कारण फोन वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याला चिकटला होता. त्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारी चॅनेलं तीनच, आणि तिच्या बेडरूममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची मिळून सव्वीस वायफाय नावं दिसत होती. यात कंपनीचा दोष नाही, आपल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या आहेत त्याला ती काय करणार. फोन 5 गिगाहर्ट्झवर घेतला आणि काम झालं.

थोडक्यात, माल बरा आहे. आणि एक गोष्ट तर फारच बरी. जीपॉनमध्ये इमारतीतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, तो नुसता काचेचा फाटा. गच्चीवर स्विच नाही, अॅडॉप्टर नाही, पाल मेली तर तिच्या मौतीने मरेल. घरातल्या यंत्राला इन्व्हर्टर आणि कंपनीच्या टोकाला बॅकअप असला की लाईट गेल्यावरही नेट चालू. माझे नऊ खाडे तिथेच पुसले जातात. शिवाय काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे जूनच्या पहिल्या गडगडाटात गच्चीवरून पोर्ट जळत खाली येण्याचा दरवर्षीचा कार्यक्रमही बंद. म्हणून फायबरला माझा होकार आहे.

पण त्याच जेवणात नणंदेने दुसरी गोष्ट सांगितली. फेब्रुवारीत तिच्या यंत्रावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागला. म्हणजे प्रकाश पोचत नाही. तक्रार केली, चौथ्या दिवशी माणूस आला. त्याने फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला, आकडा उणे 29. उणे 27-28 च्या खाली गेलं की हे यंत्र आंधळं होतं. कारण काय, तर बसवताना दाराच्या चौकटीमागून फायबर काटकोनात दुमडलं होतं आणि वरून चपलांचं रॅक रेटलं होतं. काच आहे ती, गोल वळण घेते, काटकोन घेत नाही. त्याने तेवढा तुकडा कापून नवा जोड मारला; उणे 20. काम वीस मिनिटांचं, वाट पाहणं तीन दिवसांचं. का? तो माणूसच म्हणाला, घणसोली ते ऐरोली मिळून आम्ही दोघं. आता आपल्या सोसायटीची घरं त्या दोघांच्याच डोक्यावर पडणार. आणि त्या तीन दिवसांत नणंदेला दुसऱ्या कुणाला बोलवायची सोय नव्हती, कारण गेटवर एकाच कंपनीच्या माणसाला सोडायचं अशी वॉचमनला तंबी आहे.

पैसे कापून मिळाले का, विचारलं. नाही. कारण तिने तक्रार केली होती लाईनमनच्या मोबाईलवर. तिच्याकडे डॉकेट नंबर, म्हणजे कंपनीने दिलेला तक्रारीचा क्रमांक, नव्हता.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण यात आपण सगळेच फसतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, 2006 सालीच ब्रॉडबँडच्या नियमावलीत लिहून ठेवलं होतं की बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर सात दिवसांच्या भाड्याची सूट, सात दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर पंधरा दिवसांची, आणि पंधराच्याही पुढे गेला तर महिन्याची. म्हणजे दूधवाल्याचा कायदा सरकारनेही मानला होता. 1 ऑक्टोबर 2024 पासून नवी नियमावली लागू झाली, त्यात पिंगची आणि गळणाऱ्या पॅकेटांची मापंही आहेत. 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कंपनीने प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर द्यायचा असतो. तक्रारीवरच्या कंपनीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, आणि त्याने 39 दिवसांत निकाल द्यायचा. ट्राय स्वतः एकेकट्या माणसाच्या तक्रारी सोडवत नाही, हेही माहीत असलेलं बरं. त्यापुढे ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण या सगळ्या जिन्याची पहिली पायरी म्हणजे तो नंबर. लाईनमनला टाकलेला 'भाऊ बघा ना जरा' हा मेसेज कुठल्याच पायरीवर चालत नाही.

दुसरी मेख बिलाची. बिलावर परवाना असलेल्या कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर आहे का? केबलवाले बहुतेक कुणातरी मोठ्या परवानाधारकाचे फ्रँचायझी असतात, आणि तो परवानाधारक बदलतो, आपल्याला न विचारता. तीनेक वर्षांपूर्वी मी 'दहा महिन्यांचे भरा, बारा महिने वापरा'ला भुलून वर्षाचे पैसे एकदम भरले. पाचव्या महिन्यात आमच्या केबलवाल्याने वरची कंपनी बदलली. उरलेल्या सात महिन्यांचं विचारलं तर जुनी म्हणे आमचा ग्राहकच नाही, नवी म्हणे आमच्याकडे जमाच नाही. 18 टक्के जीएसटी धरून पैसे घेतले होते आणि पावती म्हणून मिळालं होतं वहीचं एक पान. इतरांचे जीएसटी रिटर्न भरणाऱ्या बाईच्या हातात वहीचं पान! आमचे हे अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात.

'अनलिमिटेड'चंही तसंच. बारीक अक्षरांत मर्यादा असतेच. काहींची महिन्याला 3300 जीबी, ती घरगुती वापरात कुणी ओलांडत नाही, सोडून द्या. पण छोट्या प्लॅनची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो ते वाचा. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी किती, तर 2013 पासून 512 केबीपीएस होतं आणि जानेवारी 2023 मध्ये ते 2 एमबीपीएस झालं. 2 एमबीपीएसमध्ये माझं पोर्टल उघडेल, पण माझी सहनशक्ती बंद पडेल.

आता मुद्द्याचं, आणि ते खजिनदारवहिनींना जरा टोचेल. निधीला दरवर्षी येणारी ती रक्कम कुठून येणार? कंपनी काही देणगी देत नाहीये. ती आपल्याच बिलांतून गोळा होऊन, कंपनीच्या खात्यात आंघोळ करून आपल्याच निधीत येणार. पेंटिंगचं काम अडलंय हे मला माहीत आहे. त्यासाठी वर्गणी काढा, देते. पण पाच वर्षं दुसऱ्या कुणाला जिन्यात पाऊल ठेवू द्यायचं नाही ही त्या पैशांची किंमत असेल, तर सौदा महाग आहे. ज्या कंपनीला माहीत आहे की हे लोक कुठे जाऊ शकत नाहीत, ती तिसरा लाईनमन कशाला ठेवेल? जुन्या केबलवाल्याने गच्चीवर बॅटरी का बदलली नाही? कारण तोही बारा वर्षं एकटाच होता. पाल त्याच्या पेटीत मेली ती त्यामुळे.

आणि सोसायटीचा फायदाच बघायचा तर हे बघा. ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम आणले आहेत. उद्या फ्लॅट विकताना घेणारा पाण्याची वेळ विचारतो तसा हेही विचारणार. तिथे 'एकच कंपनी, ती पण करारात अडकलेली' हे काही मिरवायचं उत्तर नाही.

एक राहवत नाही म्हणून लिहिते. ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे-महापेकडे निघालं की डेटा सेंटरच्या त्या बिनखिडक्यांच्या भिंती दिसतात. अर्ध्या देशाची बँक, सिनेमा आणि तिकिटं तिथे साठवलेली असतात म्हणे. आपली इमारत तिथून रिक्षाच्या अंतरावर. आणि मी मात्र वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून कठड्यावरच्या फोनला हात जोडतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो ऐरोलीत येऊन बघावा.

मला काय हवंय ते सांगते. हा विषय नोटिशीने उरकू नका, वार्षिक सभेत ठेवा. ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. नव्या कंपनीला या, जरूर या म्हणा, पण 'फक्त तुम्हीच' ही ओळ खोडा आणि पाचाऐवजी एक वर्षाचा करार करा. दुसरी एक तरी कंपनी उभ्या डक्टमधून फायबर आणेल असं बघा. तिचं फायबर रस्त्यावरून वेगळ्या वाटेने येत असेल तर उत्तम, नाहीतर एकाच जेसीबीच्या एकाच घावात दोन्ही जातील. आत्ताचं आपलं फायबर झाडावरून विजेच्या खांबावर आणि खांबावरून पुन्हा झाडावर असं माकडासारखं येतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटायला माणसं आली की त्यांच्या कोयत्याला फांदी आणि फायबर यातला फरक कळत नाही. करारात लिहून घ्या की बिघाड किती तासांत दुरुस्त होईल आणि नाही झाला तर खाडे वजा होतील, न मागता. ऐरोलीला किती लाईनमन आहेत, रविवारी कोण असतं, त्यांच्या टोकाला लाईट गेल्यावर बॅकअप किती तास टिकतो, हे त्यांच्या विक्रीच्या साहेबाला विचारू नका. तो 'नो इश्यू' म्हणेल. वायर ओढायला येणाऱ्या मुलाला चहा देऊन विचारा.

जुन्या वायरी लगेच उतरवू नका, एवढंही ऐका. आमच्या मजल्यावरच्या आजोबांचा टीव्ही अजून त्या गोल केबलवरच आहे, आणि सेट-टॉप बॉक्स आला तेव्हा रिमोट शिकायला त्यांना वर्ष लागलं होतं.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी गच्चीवर असेन. कमिटीतल्या निदान दोघांनी वर यावं, पेटी उघडून दाखवते. टॉर्च आणि कालनिर्णयची तीन पानं माझ्याकडे आहेत. सचिवदादा, गच्चीची किल्ली तेवढी शनिवारी रात्रीच वॉचमनकडे देऊन ठेवा.

आपली,
ए विंग, तिसरा मजला, लिफ्टमधून उतरल्यावर डावीकडे